तडा गेलेलं पॅनल कशाने जुळतं?

मोटारसायकल आडवी पडून बाजूच्या पॅनलला तडा गेला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘सगळ्यात पक्का गोंद कुठला?’ त्याआधी विचारायला हवं की पॅनल कशाचं आहे. गॅरेजमध्ये सरसकट सगळ्याला ‘फायबर’ म्हणतात आणि त्यातून पहिला गैरसमज रुजतो: सगळी पॅनल्स एकाच जातीची, म्हणून एकच औषध सगळ्यांना लागू. खरं फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. कंपनीतून बसून आलेली पॅनल्स मात्र बहुतेक वेळा एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी या वितळणाऱ्या प्लास्टिकची असतात. आणि या दोघांपैकी एकाला जे जोडतं, ते दुसऱ्याला साधं चिकटतही नाही. ओळख पटवायला पॅनल उलटं करावं. आतल्या बाजूला दोन कोनी कंसांमध्ये प्लास्टिकच्या नावाची आद्याक्षरं उठवलेली असतात. ती नसतील तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा रंग खरवडून पाण्यात टाकावा. एबीएसची घनता १.०५ च्या आसपास, ते बुडतं, पीपीची ०.९, ते तरंगतं. पीपीमध्ये टाल्कची भुकटी मिसळलेली असेल तर ही परीक्षा फसू शकते. तेव्हा अ‍ॅसिटोनचा एक थेंब निकाल देतो: एबीएस काही क्षणांत चिकट होतं, पीपीवर ढिम्म परिणाम होत नाही.

हाच थेंब एबीएसच्या दुरुस्तीची किल्ली आहे. झटकन पकडणारा गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, आणि सेकंदात पकडतो म्हणून तो मजबूत वाटतो. पण वाळल्यावर तो काचेसारखा ठिसूळ होतो. सरळ ओढलं तर तग धरतो, मात्र इंजिनाच्या सततच्या थरथरीने आणि पॅनलच्या वाकण्याने सुटतो. तुकडे तात्पुरते जागेवर धरायला तो उत्तम, त्यापलीकडे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. अ‍ॅसिटोन मात्र एबीएसला विरघळवतं. तडा गेलेल्या दोन्ही कडा विरघळल्या की त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि अ‍ॅसिटोन उडून गेल्यावर मधे परका पदार्थ न राहता प्लास्टिकच उरतं. म्हणून जाणकार एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवून मधासारखी लापशी करतात. लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएसचेच बनत आल्याने हौशी लोक त्यांचाही बळी देतात. नेलपॉलिश काढायचं द्रव यासाठी बेभरवशाचं; त्यात पाणी, तेल, कधी वेगळाच द्रावक असतो. घाई इथे सगळ्यात महागात पडते. जाड थराची वरची साय तासाभरात वाळते, आत अडकलेलं अ‍ॅसिटोन पुढे कितीतरी तास निघत राहतं आणि थर आकसतो. पातळ थर द्यावेत, आतल्या बाजूने बारीक धातूची जाळी दाबून बसवावी, आणि रंगापूर्वी एक-दोन दिवस थांबावं. अ‍ॅसिटोनची वाफ सहज पेट घेते, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात नको.

यावर आक्षेप येतो की दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीनेही पॅनल्स वर्षानुवर्षं टिकलेली दिसतात. दिसतात, हे खरं. खरवडून स्वच्छ केलेल्या एबीएसला इपॉक्सी बऱ्यापैकी धरते. सपाट, कमी ताणाच्या जागी ती पुरते. पण ती ताठ आणि पॅनल लवचीक, म्हणून ठिगळ शाबूत राहून त्याच्या कडेलाच नवा तडा जाऊ शकतो. पीपीवर तर खरवडूनही साधा गोंद टिकत नाही. तो पृष्ठभाग मुळात गोंदाला नीट पसरू देत नाही. त्याला पीपीचीच कांडी वितळवून जोडावं लागतं, आणि रंगाआधी खास प्रायमर लागतो. इथे सोल्डरिंग आयर्न हाती घेणाऱ्यांना वाटतं, जितकं तापवू तितकं घट्ट. पीपी साधारण १६५ अंशांना वितळतं. साध्या आयर्नचं टोक ३०० च्याही वर जातं. धूर येऊन प्लास्टिक काळवंडलं म्हणजे ते जळतंय आणि जोड कच्चा होतोय. तो धूर श्वासातही जायला नको.

फट वरून भरली की काम झालं, हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी ताण किती एकवटतो, याचं गणित ब्रिटिश अभियंता इंग्लिस यांनी १९१३ मध्ये मांडलं: टोक जितकं तीक्ष्ण, तितका ताण जास्त. म्हणून जोडण्याआधी तड्याच्या शेवटी दोन-तीन मिलिमीटरचं गोल छिद्र पाडतात. टोक बोथट झालं की तड्याला पुढे सरकणं अवघड होतं. मग तड्यावर इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच करून ती तळापासून भरायची. पुट्टी आणि रंग यानंतर येतात, ते दिसण्यापुरते.

एवढी उस्तवार करण्यापेक्षा नवं पॅनल घ्यावं, हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. खपाच्या स्कूटरचं पॅनल सहज आणि स्वस्तात मिळतं, तिथे रंग जुळवण्याचा खर्चच भारी पडतो. पण २००३ मध्ये आलेल्या करिझ्मासारख्या जुन्या गाडीचं मूळ पॅनल शोधायला निघालं की हिशेब उलटतो. आणखी एक मर्यादा पाळायलाच हवी: पॅनल शोभेचं आणि वारा कापण्याचं काम करतं, म्हणून ही दुरुस्ती चालते. चाकाला घासू शकेल असा पुढचा मडगार्ड बदलावा. हेल्मेटचं कवच एबीएसचं असलं तरी त्याला अ‍ॅसिटोन लावू नये आणि तडा गेलेलं हेल्मेट वापरू नये. आणि तडा स्क्रूच्या कानापासून सुरू झाला असेल तर आधी तिथलं रबरी बुश शोधावं. ते हरवलेलं असतं, किंवा कुणीतरी स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. तसंच राहिलं तर नीट जोडलेला कानही पुन्हा तुटेल.