जॅझमधील दोन पियानोंची जुगलबंदी : वाजविण्याइतकेच महत्त्व थांबण्याला

छत्तीसगडमधील भिलाई हे शहर देशाला पोलाद कारखान्यामुळे परिचित असले, तरी संगीतरसिकांच्या लेखी त्याची आणखी एक ओळख आहे. या कारखान्यातील वरिष्ठ अधिकारी आणि सतारवादक पं. बिमलेंदु मुखर्जी यांच्या घरी १९५५ साली जन्मलेले पं. बुधादित्य मुखर्जी हे इमदादखानी घराण्याचे वादक असून, सतार आणि सूरबहार ही दोन्ही वाद्ये ते वाजवितात. याच घराण्यातील उस्ताद विलायत खाँ आणि त्यांचे धाकटे बंधू उस्ताद इमरत खाँ यांची सतार-सूरबहार जुगलबंदी गाजली होती. आकाराने मोठे असलेले सूरबहार खर्जाच्या अंगाने संथ आलाप मांडते, तर सतार वरच्या सप्तकांत चपळाईने फिरते. प्रत्येकाचे क्षेत्र जवळजवळ ठरलेले असल्याने दोन्ही वाद्यांना मोकळी जागा मिळते.

मात्र दोन्ही वाद्ये एकच असतील, त्यांचा आवाका आणि नादही सारखाच असेल, तर काय होईल? जॅझ संगीतात दोन पियानोवादक एकत्र बसतात तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

पियानोला ८८ पट्ट्या असतात आणि त्याचा पल्ला सात सप्तकांहून अधिक असतो. डावा हात खर्ज आणि लय सांभाळतो, उजवा हात चाल वाजवितो आणि मधल्या जागेत दोन्ही हात मिळून कॉर्ड भरतात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गुच्छ. आपल्याकडील मैफलीशी तुलना करायची, तर एकटा पियानोवादक हा गायक, पेटीवादक आणि तबलजी अशा तिघांचे काम एकाच वेळी करीत असतो. त्याला दुसऱ्याची गरज नसते. त्यामुळेच दुसरा आला की गर्दी होते.

ही अडचण जॅझच्या घडणीमुळे अधिक वाढते. जॅझमधील अनेक रचना ३२ मापांच्या असतात. तालाचे आवर्तन फिरावे तशी ही ३२ मापे पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक मापाला कोणती कॉर्ड यावी, हे ढोबळमानाने ठरलेले असते. ढोबळमानाने म्हणायचे कारण असे की, ठरलेल्या कॉर्डऐवजी तिच्या नात्यातील दुसरी कॉर्ड घेण्याची मुभा वादकाला असते आणि त्याची कल्पकता तेथेच दिसते. एकटा वादक ही अदलाबदल खुशाल करू शकतो. दोघे असले की धोका संभवतो. समजा, एकाने पंचमावरील कॉर्ड घेतली आणि त्याच मात्रेला दुसऱ्याने तिच्या जागी कोमल रिषभावरील कॉर्ड घेतली, तर शुद्ध आणि कोमल हे दोन्ही रिषभ एकदम कानावर आदळतात. पियानोला मींड नाही. सतारीवर तार खेचून चुकलेला स्वर सावरता येतो. पियानोच्या पट्टीवर एकदा बोट पडले की स्वर उमटून जातो.

यावरचे उपाय वादकांनी अनुभवातून शोधले. सर्वांत सोपा उपाय वाटणीचा. एकाने खालची बाजू धरावी, दुसऱ्याने वरची. अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन यांनी १९४१ साली ध्वनिमुद्रित केलेल्या बुगी-वुगी शैलीतील द्वंद्ववादनात पियानोंचा जोरकस, ठेक्यात फिरणारा खर्ज आजही ऐकण्यासारखा आहे. दुसरा उपाय पाळीपाळीने वाजविण्याचा. चार-चार मापांची देवघेव चालते, ती आपल्या सवाल-जबाबाची आठवण करून देते. तिसरा उपाय सगळ्यांत कठीण आहे : हात आवरणे. जोडीदार विस्तार करीत असताना डावा हात पूर्णपणे उचलून ठेवणे, पायाखालचे पेडल कमी दाबणे आणि केवळ मोजक्या कॉर्डनी साथ देणे.

ड्यूक एलिंग्टन आणि त्यांचे सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यांनी १९४६ साली ‘टाँक’ ही रचना एकाच पियानोवर चार हातांनी ध्वनिमुद्रित केली. हे दोघे १९६३ साली आपल्या वाद्यवृंदासह भारतातही येऊन गेले. त्या दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट सूट’ हा रचनासंच तयार झाला आणि त्यातील एका रचनेत दिल्लीतील मैनेचा आवाज क्लॅरिनेटवर ऐकू येतो.

हात आवरण्याचा उत्तम नमुना म्हणजे काउंट बेसी आणि ऑस्कर पीटरसन यांचे १९७४ सालचे ध्वनिमुद्रण. पीटरसन हे झंझावाती तानांसाठी प्रसिद्ध, तर बेसी दोन-तीन स्वरांत काम भागविणारे. स्वभावातील या अंतरामुळेच दोघांची कधी टक्कर होत नाही. पीटरसन यांचे शंभर स्वर होऊन गेल्यावर बेसी यांचा एकच स्वर येतो आणि तोच लक्षात राहतो.

हे जुळणे नेहमीच साधते असे नाही. १७ एप्रिल १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मेरी लू विल्यम्स आणि सेसिल टेलर एकत्र वाजविण्यास बसले. विल्यम्स यांना जॅझचा प्रवास त्याच्या मुळांपासून उलगडून दाखवायचा होता. टेलर यांनी मात्र आपली मुक्त, घणाघाती शैली सोडली नाही. दोघेही थोर वादक होते, पण त्या रात्री संवादाऐवजी दोन स्वतंत्र मैफली एकाच व्यासपीठावर झाल्या. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेला दिलेले नाव ‘एम्ब्रेस्ड’, म्हणजे ‘आलिंगन’ असे होते, हे विशेष!

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, हर्बी हॅनकॉक आणि चिक कोरिया यांनी दोन पियानो घेऊन दौरा केला. त्याच वर्षी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला सुरुवात झाली होती. हॅनकॉक आणि कोरिया हे दोघेही तोवर विजेवर चालणाऱ्या वाद्यांसाठी लोकप्रिय झाले होते; तरीही त्यांनी साध्या पियानोची निवड केली. अशा कार्यक्रमात दोन्ही पियानोंच्या वळणदार बाजू एकमेकींत बसवून ठेवतात, त्यामुळे वादक समोरासमोर येतात. एकमेकांचे हात त्यांना दिसत नाहीत, चेहरा मात्र दिसतो. या जोडीने २०१५ साली पुन्हा एकत्र दौरा केला. कोरिया यांचे २०२१ मध्ये निधन झाले.

अलीकडच्या काळात भारतीय वंशाचे अमेरिकी पियानोवादक विजय अय्यर आणि क्रेग टॅबर्न यांनी हा प्रकार आणखी पुढे नेला. बुडापेस्ट येथे मार्च २०१८ मध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात आवर्तनाची किंवा ठरलेल्या कॉर्डची चौकट जवळजवळ नाहीच. कोणता स्वर कोणाचा, हे अनेक ठिकाणी ओळखता येत नाही.

नव्या श्रोत्याने मात्र बेसी आणि पीटरसन यांच्यापासून सुरुवात करावी. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात दोन पियानो बहुधा डाव्या-उजव्या बाजूंना विभागलेले असतात, त्यामुळे हेडफोन लावून ऐकल्यास कोण वाजवितो आहे आणि कोण थांबला आहे, हे सहज कळते.