पाच दिवसांत उभी राहिलेली 'तिसरी लाट'

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातल्या पालो अल्टो शहरात कबर्ली हायस्कूल नावाची शाळा होती. १९६७ च्या एप्रिल महिन्यात तिथे रॉन जोन्स हे तरुण शिक्षक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना इतिहास शिकवत होते. नाझी जर्मनीचा भाग चालू असताना वर्गात एक प्रश्न निघाला. छळछावण्यांमध्ये लाखो ज्यू मारले जात होते, तरी 'आम्हाला काही ठाऊक नव्हते' असे सामान्य जर्मन लोक नंतर कसे म्हणू शकले? रेल्वेतले कर्मचारी, डॉक्टर, शिक्षक, शेजारीपाजारी यांच्यापैकी कुणालाच काही दिसले नाही?

जोन्स यांच्याकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते. तेव्हा उत्तर सांगत बसण्यापेक्षा मुलांना त्याचा अनुभवच द्यावा, असे त्यांनी ठरवले. पुढच्या पाच दिवसांत जे घडले ते 'तिसरी लाट' या नावाने ओळखले जाते. या गोष्टीचा धसका घेऊन थांबण्यापेक्षा तिची जुळणी पायरीपायरीने पाहिली, तर हाती जास्त लागते.

सोमवार : शिस्त

पहिल्या दिवशी जोन्स यांनी राजकारणाचे नावही काढले नाही. ते बसण्याच्या पद्धतीवर बोलले. पाठ ताठ, दोन्ही पावले जमिनीला टेकलेली, हात मागे कमरेवर. असे बसले की श्वास नीट घेता येतो आणि लक्ष लागते, असे त्यांनी सांगितले. मग सराव झाला. दाराबाहेरून आत येऊन आवाज न करता जागेवर बसायचे. पुन्हा पुन्हा करून घेतल्यावर सारा वर्ग पाच सेकंदांत स्थिरस्थावर होऊ लागला.

त्यानंतर बोलण्याचे नियम आले. प्रश्न विचारायचा किंवा उत्तर द्यायचे तर बाकाशेजारी उभे राहायचे, सुरुवात 'मिस्टर जोन्स' अशी करायची आणि शक्यतो तीन शब्दांत आटपायचे. वर्ग सुधारला, आणि पुढच्या साऱ्या घडामोडींचे मूळ इथेच आहे. एरवी तोंड न उघडणारी मुले उत्तरे देऊ लागली. बोलघेवड्या, हुशार मुलांची मक्तेदारी संपली, कारण तीन शब्दांत सगळेच सारखे. एरवी मागे पडणाऱ्या मुलाला ही शिस्त जाचक वाटली नाही, उलट न्याय्य वाटली. तीन शब्दांच्या त्या मर्यादेत 'पण हे कशासाठी?' असे विचारून वाद घालण्याची जागा उरली नव्हती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही.

मंगळवार : ऐक्य

दुसऱ्या दिवशी फळ्यावर घोषवाक्य लिहिले गेले : 'शिस्तीतून शक्ती, ऐक्यातून शक्ती'. मुलांनी ते आधी एकेकट्याने, मग गटागटाने, शेवटी एका सुरात म्हटले. 'आनंदातून शक्ती' हे नाझी राजवटीतल्या कामगारांच्या सहली आणि करमणुकीचे कार्यक्रम चालवणाऱ्या संघटनेचे नाव होते. शब्दांची ठेवण तीच होती, पण ती वर्गात कुणाला खटकली नाही.

तास संपताना जोन्स यांनी एक सलाम शिकवला. उजवा हात खांद्यापाशी आणून बोटे लाटेसारखी वळवायची. समुद्राच्या लाटा एकामागून एक येतात आणि त्यांतली तिसरी सर्वांत जोरकस असते, या समजुतीवरून चळवळीचे नाव ठेवले गेले. वर्गाबाहेर भेटल्यावरही सदस्यांनी एकमेकांना हाच सलाम करायचा होता. त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात आणि जेवणाच्या सुट्टीत कोण 'आपला' आणि कोण बाहेरचा हे दिसू लागले. बाहेरच्यांनाही ते दिसत होते, आणि त्यांना आत यावेसे वाटू लागले.

बुधवार : कृती

जोन्स यांच्या नोंदीनुसार वर्गात मुळात ३० मुले होती, बुधवारी ४३ झाली. आपले तास बुडवून १३ जण आले होते. सगळ्यांना सदस्यत्वाची कार्डे वाटली गेली. तीन कार्डांवर लाल फुली होती. ज्यांना ती मिळाली, त्यांनी नियम मोडणाऱ्यांची खबर शिक्षकांना द्यायची होती. बाकीच्यांनाही कामे मिळाली : फलक तयार करणे, सदस्यांची नावे आणि पत्ते पाठ करणे, नवे सदस्य आणणे. नव्याला आत यायचे तर जुन्या सदस्याची शिफारस लागे.

काम मिळाले की माणूस गुंततो. नुसते ऐकणारा उठून जाऊ शकतो, पण जो मित्राला घेऊन आला आहे त्याला मागे फिरताना आपलीच चूक कबूल करावी लागते. संध्याकाळपर्यंत सदस्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

खबरींचा हिशेब त्याहून बोलका आहे. नेमले होते तिघांना, पण कागाळ्या घेऊन आले सुमारे वीस जण. हे काम त्यांना कुणी सांगितले नव्हते. आपल्या वर्गात खबरे आहेत एवढे कळल्यावर, आपले नाव जाण्याआधी दुसऱ्याचे द्यावे असे काहींना वाटले असेल, तर काहींना खरोखरच ते कर्तव्य वाटले असेल. कारण कोणतेही असो, दोन मित्रांमधले मोकळे बोलणे बंद झाले. शंका मनात असलेल्या मुलाला आपण एकटेच आहोत असे वाटू लागले.

गुरुवार आणि शुक्रवार

चौथ्या दिवशी विषय होता अभिमान. हा शाळेतला खेळ नसून देशभर चाललेली तरुणांची चळवळ आहे आणि शुक्रवारी दुपारी तिचा राष्ट्रीय नेता दूरचित्रवाणीवर येणार आहे, असे जोन्स यांनी जाहीर केले. शंका घेणाऱ्या तीन मुलींना पहारा देऊन ग्रंथालयात पाठवले गेले. वर्गातून बाहेर काढलेल्या एका मुलीने शाळेत विरोधाची पत्रके लावली, पण तिला साथ फारशी मिळाली नाही.

प्रकरण हाताबाहेर चालले आहे हे जोन्स यांना कळून चुकले होते. आपण नेत्याची भूमिका करतो आहोत की नेताच झालो आहोत, हे आपल्यालाही सांगता येईना, असे त्यांनी पुढे लिहिले. हुकूमशाही वळण लागते ते फक्त अनुयायांना नव्हे, आज्ञा देणाऱ्यालाही लागते.

शुक्रवारी सभागृहात दोनशेहून अधिक मुले जमली. घोषणा झाल्या, सलाम झाले, दूरचित्रवाणीचा संच सुरू झाला. पडदा कोराच राहिला. काही मिनिटे ताटकळल्यावर, नेताबिता कोणी नाहीच, हे एकाने बोलून दाखवले. तेव्हा जोन्स यांनी सगळे उघड केले आणि नाझी जर्मनीवरचा चित्रपट दाखवला. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच आठवडाभर जगलात, आणि आपण यात होतो हे त्या जर्मनांसारखेच तुम्हीही कधी कबूल करणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

यातून काय सिद्ध होते?

मर्यादा आधी सांगितली पाहिजे. हा शास्त्रीय प्रयोग नव्हता. तुलनेसाठी दुसरा वर्ग नव्हता, मोजमाप नव्हते, आणि बहुतेक तपशील आपल्याला जोन्स यांनी काही वर्षांनी लिहिलेल्या कथनातून कळतात. मात्र शाळेच्या 'कॅटामाउंट' या वृत्तपत्रात त्याच महिन्यात याची बातमी आली होती, आणि त्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने पुढे २०१० मध्ये 'लेसन प्लॅन' या माहितीपटात जुन्या सवंगड्यांना बोलते केले. म्हणजे घटना घडली यात शंका नाही. तिच्यावर १९८१ मध्ये अमेरिकेत दूरचित्रपट निघाला, टॉड स्ट्रॅसर यांची कादंबरी आली आणि २००८ मध्ये जर्मनीत 'डी वेले' हा चित्रपट झाला. ती कादंबरी जर्मन शाळांमध्ये आजही वाचली जाते.

नैतिक आक्षेप तर उघडच आहेत. मुलांची संमती नव्हती, पालकांना कल्पना नव्हती, आणि विश्वासातल्या शिक्षकाने सलग काही दिवस खोटे सांगितले. दोन वर्षांनी जोन्स यांना त्या शाळेत कायम केले गेले नाही.

तरीही एक गोष्ट ठळकपणे उरते. 'तिसऱ्या लाटे'ला विचारसरणी नव्हती. तिने कोणत्याही जातीचा, धर्माचा वा वंशाचा द्वेष शिकवला नाही. ताठ बसणे, एकत्र घोषणा देणे, कार्ड बाळगणे यांतली एकही पायरी अशी नव्हती की जिथे नकार देणे सहज शहाणपणाचे वाटावे. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण उठून उभा राहणार? आणि उभे राहावेच लागेल अशी पायरी आली, तोवर शेजारी खबऱ्या बसला होता. द्वेष शिकवण्याची गरज पडण्याआधीच आज्ञा पाळण्याची सवय तयार झाली होती. पुढे त्या सवयीत कोणताही मजकूर भरता आला असता.

म्हणून हा प्रयोग कोणत्याही शिक्षकाने पुन्हा करू नये, आणि करण्याची गरजही नाही. ही हकिकत वर्गात वाचावी, प्रत्येक दिवसानंतर थांबावे आणि मुलांना विचारावे : तू इथे काय केले असतेस? इथे 'का?' असे विचारता येत होते का? बाहेर पडता येत होते का? मुले बहुधा म्हणतील की आम्ही बुधवारी उठलो असतो. तेव्हा त्यांना पुन्हा सोमवारकडे न्यावे, कारण नकार सर्वांत स्वस्त त्याच दिवशी होता.