विषाचा भूगोल

सर्पदंशाचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आला की डॉक्टर एक स्वच्छ, कोरडी काचेची नळी हाती घेतात. रुग्णाच्या शिरेतलं थोडं रक्त तिच्यात घालून ती टेबलावर ठेवतात आणि वीस मिनिटं तिला हातही लावत नाहीत. मग नळी एकदाच तिरपी करून बघायची. रक्त गोठलेलं असेल तर जरा उसंत मिळते. ते पातळ राहून वाहू लागलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजून प्रतिविष सुरू करायचं. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू होते; प्लास्टिकच्या नळीत निष्कर्ष चुकू शकतो. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. माझ्या मते आपल्या ग्रामीण वैद्यकातल्या सर्वांत मोलाच्या चाचण्यांपैकी ही एक आहे.

त्यानंतर जी बाटली फोडली जाते तिचा जन्म १८९५ च्या आसपासचा. सायगॉनमध्ये नागदंशाने दगावणारी माणसं पाहिलेल्या आल्बेर काल्मेत या फ्रेंच डॉक्टरने पाश्चर संस्थेत पहिलं प्रतिविष तयार केलं. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस द्यायचे, ते हळूहळू वाढवायचे, घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की ती वेगळी काढून माणसाला टोचायची. शुद्धीकरण सुधारलं, बाटलीत द्रवाऐवजी कोरडी भुकटी आली, पण मूळ रीत आजही तीच आहे. त्या बाटलीतल्या प्रतिपिंडांपैकी थोडीच सापाच्या विषाशी झुंजतात. बाकीची घोड्याच्या शरीराने आयुष्यभर इतर जंतूंविरुद्ध घडवलेली असतात. परक्या प्राण्याची एवढी प्रथिनं एकदम रक्तात गेली की काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून प्रतिविष देताना शेजारी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून ठेवावं लागतं.

काल्मेतला वाटलं होतं, एक प्रतिविष सगळ्या सापांवर चालेल. ब्राझीलमध्ये व्हिताल ब्राझील या शास्त्रज्ञाने लवकरच दाखवून दिलं की तसं होत नाही. नागाच्या विषावर बनवलेलं औषध तिथल्या सापांपुढे निष्प्रभ ठरलं. तेव्हापासून प्रत्येक देशाने आपापल्या सापांची निवड केली. भारताने चार निवडले : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आजही आपल्या बाटलीवर या चौघांचा हिशेब छापलेला असतो. एक मिलिलिटर औषध नाग आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या लागतात, कारण साप चावताना वय पाहून विष कमी सोडत नाही.

या बाटलीवर किती माणसं अवलंबून आहेत याचा नीट अंदाज फार उशिरा आला. टोरोंटोच्या प्रभात झा यांच्या गटाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर घरोघरच्या मृत्यूंच्या नोंदी तपासून २०२० मध्ये आकडा मांडला : २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि बहुतेक खेड्यांत, घरीच. पाव हिश्शाहून जास्त मृत्यू पंधरा वर्षांखालच्या मुलांचे. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत यातला छोटासा भागच दिसत होता, कारण पान लागलेला माणूस भगताकडे जाऊन येईपर्यंत कितीतरी वेळा संपलेला असे आणि त्या मृत्यूची कुठे नोंद होत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये भारताने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितलं.

त्या चार सापांचं विष येतं कुठून, हे समजल्याशिवाय पुढचं संशोधन उमगत नाही. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारं बहुतेक विष चेन्नईजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून जातं. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ही संस्था उभी राहिली. पूर्वी कातड्यासाठी साप पकडणाऱ्या इरुळा लोकांना साप जिवंत पकडून, विष काढून, पुन्हा सोडून देण्याचं सन्मानाचं काम मिळालं. २०२३ मध्ये वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघा इरुळांना पद्मश्री मिळाली आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. त्यांच्या हातांवर लाखो जीव तगले आहेत. पण याचा दुसरा अर्थ असा की कोकणात भात कापताना चावलेल्या फुरशावर दिलं जाणारं औषध बहुधा तमिळनाडूतल्या फुरशाच्या विषावर घडवलेलं असतं.

याने काय बिघडतं? बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा गेली काही वर्षं नेमका हाच प्रश्न विचारते आहे. त्यांच्या गटाने देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या नागांची आणि घोणशींची विषं गोळा करून त्यांची रचना आणि प्राणघातकता तपासली. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे इतकं बदलतं की बाजारातलं प्रतिविष काही ठिकाणी चांगलं काम करतं आणि काही ठिकाणी फिकं पडतं, असं त्यांना आढळलं. घोणशीच्या पिल्लाचं विषही प्रौढ सापाहून वेगळं असतं, कारण दोघांचं भक्ष्य वेगळं. एप्रिल २०२५ मध्ये याच गटाने ३४ ठिकाणच्या ११५ घोणशींचं विष हवामानाच्या नोंदींशी पडताळून पाहिलं. तापमान आणि पाऊस यांच्याशी विषाच्या घडणीचा संबंध दिसला; कोरड्या भागातल्या घोणशींच्या विषात प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचा जोर जास्त होता. पर्यावरणशास्त्रातला हा निष्कर्ष रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचतो. सोलापूरच्या माळावरची घोणस आणि सिंधुदुर्गातल्या भाताच्या खाचरातली घोणस एकाच नावाची असली तरी दोघींच्या दंशावर एकच बाटली तेवढीच लागू पडेल, असं आता गृहीत धरता येत नाही.

शिवाय चौघांबाहेरचे साप आहेतच. राजस्थान-गुजरातपासून महाराष्ट्रापर्यंत आढळणाऱ्या सिंध मण्यारीचं विष साध्या नागाहून कितीतरी जहाल आहे. सह्याद्रीतल्या चापड्यासाठी बाटलीत काहीच नाही.

कोकणाने फुरशाचा धाक जुन्या काळापासून सोसला आहे. १८६२ मध्ये इंग्रज सरकारने रत्नागिरीत मेलेल्या फुरशामागे इनाम ठेवलं, तेव्हा डिसेंबरमधल्या आठ दिवसांत १,१५,९२१ फुरशी जमा झाली. एवढी मारूनही फुरसं संपलं नाही.

आता मण्यारीकडे वळतो, कारण गेल्या दोन-तीन वर्षांतल्या मोठ्या शोधांची वाट तिच्या कुळातून जाते. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि अनेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. हे विष रक्ताला हात लावत नाही, ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या सांध्यावर बसतं. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन सुटतं, स्नायूवरच्या ग्राहकाला चिकटतं आणि स्नायू आकसतो. नागाच्या कुळातल्या विषाचे काही रेणू नेमक्या त्या ग्राहकावर जाऊन बसतात आणि दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं ॲसिटिलकोलिनला आत येऊ देत नाहीत. मण्यारीकडे आणखी एक हत्यार असतं, ते मज्जातंतूचं टोकच मोडून टाकतं. म्हणून नागदंशात निओस्टिग्मिन या औषधाने जो फरक पडतो तो मण्यारीच्या दंशात फारसा पडत नाही. तुटलेली टोकं पुन्हा उगवेपर्यंत रुग्णाला व्हेंटिलेटरवर जगवावं लागतं, आणि तसं जगवलं तर तो बरा होऊन चालत घरी जातो.

या विषाने मेंदूविज्ञानाला मोठं देणं दिलं आहे. तैवानमध्ये १९६३ मध्ये चँग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं. हा रेणू ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकाला इतका घट्ट धरतो की १९७० मध्ये पॅरिसच्या जाँ-पिएर शांझ्यू यांनी त्याचा आमिषासारखा वापर करून विद्युत माशातून तो ग्राहकच वेगळा काढला. रासायनिक संदेश पकडणारा ग्राहक प्रत्यक्ष हाती लागण्याची ती पहिली घटना. काही वर्षांत त्यातूनच मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजाराचं कारण उलगडलं : रुग्णाचं शरीर स्वतःच्याच या ग्राहकांवर हल्ला करत असतं. घोणशीचं विषही रक्त गोठण्याच्या एका चाचणीत आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरलं जातं.

आता नाग-मण्यारीच्या कुळाचं दुबळेपण पाहा. साप बदलतो, प्रदेश बदलतो, भक्ष्य बदलतं, पण विषाला माणसाच्या त्याच ग्राहकावर बसावं लागतं. त्यामुळे रेणूचा ग्राहकाला धरणारा भाग सगळ्यांत बराचसा सारखा राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेने सुनगर यांच्या साथीने ९५मॅट५ हे मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. अब्जावधी प्रतिपिंडांतून चाळून काढलेलं हे प्रतिपिंड विषापुढे आपण ग्राहकच असल्याचं रूप घेतं. मण्यार, नाग आणि आफ्रिकेतला ब्लॅक माम्बा यांच्या विषापासून त्याने उंदरांना वाचवलं. जानेवारी २०२५ मध्ये, आदल्याच वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर नवीच प्रथिनं आखली. निसर्गात कधी नव्हती अशी, याच विषांना गिळून टाकतील अशा घडणीची. विषाचा प्राणघातक डोस दिलेल्या उंदरांपैकी ८० ते १०० टक्के वाचले. ही प्रथिनं लहान आणि टणक आहेत, सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतील आणि उन्हाळ्यात वीज गेलेल्या आरोग्य केंद्रातही टिकतील अशी आशा आहे.

मे २०२५ मध्ये आणखी एक बातमी आली. अमेरिकेतल्या टिम फ्रीडी या माणसाने अठरा वर्षं स्वतःला सापांचे दंश आणि विषाची इंजेक्शनं घेतली होती. त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि व्हॅरेस्प्लाडिब नावाचं औषध एकत्र करून संशोधकांनी नागकुळातल्या १९ सापांवर तपासलं. तेरांपासून उंदरांना पूर्ण संरक्षण मिळालं, सहांपासून अर्धवट. कुणीही त्याचं अनुकरण करू नये, तो मरता मरता वाचलेला आहे. पाठोपाठ डेन्मार्कच्या संशोधकांनी अल्पाका आणि लामा यांच्या रक्तातून मिळालेल्या आठ छोट्या प्रतिपिंडांचं मिश्रण आफ्रिकेतल्या १८ पैकी १७ सापांवर चालतं असं दाखवलं.

या सगळ्यांत घोणस नाही, फुरसंही नाही. वर्तमानपत्रांत ‘सर्व सापांवर एक औषध’ असे मथळे आले तेव्हा हे वाक्य कुणीतरी ठळक छापायला हवं होतं. झा यांच्या गटाने भारतातल्या जुन्या अभ्यासांची छाननी केली तेव्हा विषबाधेच्या सुमारे ४३ टक्के घटनांमागे घोणस होती. घोणशीच्या विषात एक ठराविक लक्ष्य गाठणारा रेणू नसतो. रक्त गोठवणारी, रक्तवाहिन्या फाडणारी, मूत्रपिंडं बंद पाडणारी विकरं एकत्र काम करतात. त्यांना रोखायला एक प्रतिपिंड पुरत नाही.

म्हणून माझी नजर व्हॅरेस्प्लाडिबकडे जास्त लागलेली आहे. हे औषध मुळात हृदयविकारासाठी तपासलं गेलं आणि तिथे फसलं. मॅथ्यू ल्युइन या डॉक्टरला ते सर्पविषातल्या फॉस्फोलायपेज ए२ या विकराविरुद्ध उपयोगी असल्याचं आढळलं, आणि हे विकर घोणशीपासून मण्यारीपर्यंत अनेकांत असतं. ते गोळीच्या रूपात देता येतं. भारत आणि अमेरिकेतल्या ९५ रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्व रुग्ण एकत्र धरले तर ठळक फरक दिसला नाही. पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत मात्र सुधारणा दिसली. दुसरा गट, निक केसवेल यांचा, युनिथायॉल या जड धातूंच्या विषबाधेवरच्या जुन्या औषधावर काम करतो आहे, कारण फुरशाच्या विषातली काही विकरं जस्ताशिवाय चालत नाहीत.

जुन्या औषधाचा असा नवा उपयोग महाराष्ट्राला परका नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर येणारा ताण ओळखला, रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने तो उतरवता येतो हे कोकणातल्या रुग्णांवर दाखवलं आणि निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्या मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. गोळी गावात होती, म्हणून ती वेळेत पोहोचली.

सर्पदंशाच्या गोळीची खरी चाचणी रुग्णालयाच्या बाहेर व्हायला हवी. तिथे पोहोचेपर्यंत पाच तास कितीदा उलटलेले असतात. आशाताईंच्या पिशवीत, उपकेंद्रात, ऊसतोडीच्या फडावर ती पहिल्या तासात द्यायची आणि मग रुग्णाला प्रतिविषासाठी न्यायचं, अशी आखणी करणारा अभ्यास महाराष्ट्रातच सुरू करता येईल. सोबत दुसरं काम : कोकण, घाटमाथा, मराठवाडा आणि विदर्भातल्या घोणस-फुरशांचं विष वन विभागाच्या परवानगीने गोळा करून, प्रत्येक प्रदेशात बाजारातलं प्रतिविष किती चालतं ते मोजणं. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. विषाचा असा नकाशा तयार करायलाही शासनाने पैसा द्यावा, आणि २०३० च्या आत द्यावा.