कासवाचा डबा बाल्कनीत!

ऑफिसच्या डेस्कवर काचेच्या बाऊलमध्ये बसलेलं फेंगशुईचं कासव तुमच्याकडे काही मागत नाही. देवळात गाभाऱ्यासमोर बसलेलं दगडी कासवही नाही. जिवंत कासव घरी आलं की मात्र रोज सकाळी एकच प्रश्न... आज याला खायला काय? 'काही मेंटेनन्स नाही हो, काकडी-टोमॅटो टाकायचा की झालं!' हा दुकानातला डायलॉग ऐकून घरी आलेली कासवं काकडी-टोमॅटोवरच आजारी पडतात.

आधी कायद्याचं क्लिअर करून टाकू. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं देशी स्टार कासव घरात पाळणं हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी 'लकी असतं' म्हणून गिफ्ट दिलं, तरी नाही म्हणजे नाही. हौशी मंडळींकडे दिसतं ते सल्काटा हे जमिनीवरचं आफ्रिकन कासव. ते परदेशी असलं, तरी २०२४ च्या नियमांनुसार ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडे कागदपत्रं नसतील, तर तिथूनच मागे फिरा.

सल्काटा मूळचं सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं. तिथे त्याच्या ताटात असतं गवत, बरंचसं वाळलेलं, आणि झुडपांची पानं. भरपूर चोथा, कमी प्रोटीन, साखर जवळजवळ नाहीच. म्हणून केळं, सफरचंद, टोमॅटो दिला की तो पोटात आंबतो आणि जुलाब सुरू होतात. लेट्यूस म्हणजे निव्वळ हिरवं पाणी. पालक आपल्याला पौष्टिक, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं आणि कासवाची पाठ म्हणजे शेवटी हाडच. कॅल्शियम कमी पडलं की ती मऊ पडते, वेडीवाकडी वाढते. पोळी, पनीर, डॉग फूड यांचं तर नावच काढू नका.

मग रोज ताजं गवत आणायचं कुठून? सोसायटीच्या लॉनवर कुठलं औषध मारलंय ते माळीदादांनाच ठाऊक. रस्त्याकडेचं गवत कुत्र्यांचं आणि धुराचं. म्हणजे उरली आपलीच बाल्कनी. आणि खरं सांगायचं तर हे काम बोन्साय किंवा ऑर्किडपेक्षा कितीतरी सोपं आहे.

सुरुवात हरळीपासून करा. हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच. चतुर्थीच्या जुडीत एखादी मुळं फुटलेली काडी मिळते, नाहीतर नर्सरीतून गवताचा तुकडा आणा. पसरट ट्रेला खाली भोकं पाडा, चार बोटं माती भरा आणि पेराचे तुकडे खोचून द्या. पाच-सहा तास ऊन मिळालं की ती स्वतःच पसरते. ट्रे एक नको, तीन हवेत. एक कासवासमोर, दुसरा वाढतोय, तिसरा नुकताच कापलेला. एकच ट्रे रोज समोर ठेवलात तर आठवड्याभरात नुसती माती उरेल. जोडीला गहू पेरा, अगदी नवरात्रात घटाखाली पेरतो तसा. आठ-दहा दिवसांत कापायला तयार! अर्थात ही कोवळी पाती म्हणजे भर, मुख्य जेवण नाही. पोट भरायला हरळी आणि वाळकं गवतच.

दुसरा हिरो जास्वंद. पानं आणि फुलं दोन्ही चालतात आणि लाल फूल दिसलं की कासव चक्क स्पीड पकडतं. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी कुंडीत खोचली की बहुतेक वेळा जगते. तुतीचंही तसंच. जास्वंदीवर पांढरा मिलीबग येणार हे धरूनच चाला. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने काढायचा, औषधाने नाही. कारण फवारलेलं पान थेट कासवाच्या पोटात जाणार आहे. याच कारणासाठी नर्सरीतून आणलेल्या झाडाची पानं लगेच देऊ नका. माती बदला, काही आठवडे थांबा, नवी पालवी येऊ द्या. त्या कुंड्यांमधले थर्मोकोलसारखे पांढरे दाणे आणि खताच्या रंगीत गोळ्याही काढून टाका. खाऊ समजून कासव तेही गिळतं.

जागा असेल तर मोठ्या ड्रममध्ये शेवगा लावा, पाल्यात कॅल्शियम भरपूर. पाणी घालायचं विसरणाऱ्यांसाठी फड्या निवडुंग आहेच. फडा तोडून जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवायचा, मग मातीत. देताना काटे मात्र नीट काढायचे, बारीक कुसळंसुद्धा. कॅल्शियमसाठी पेट शॉपमधला समुद्रफेस कोपऱ्यात ठेवून द्या, हवं तेव्हा ते कुरतडेल.

आता बाल्कनीतून हाकलायची मंडळी. मनी प्लांट, डिफेनबेकिया, कण्हेर, टणटणी, पानफुटी, अळू. यातली निम्मी तुमच्याकडे आत्ता असतील! कण्हेरीचं तर गळलेलं पानही धोकादायक.

ऊनही विकत मिळत नाही. पाठ बळकट व्हायला लागणारे अल्ट्राव्हायोलेट किरण बंद काचेतून आत येत नाहीत, त्यामुळे कासव रोज उघड्या उन्हात हवं आणि शेजारी सावलीही. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आले की सगळे प्रोटीनला दोष देतात. पण सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या २००३ च्या एका अभ्यासात प्रोटीनपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम जास्त दिसला. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांची पाठ जास्त खडबडीत झाली. म्हणजे दिवसभर एसी चालू असलेल्या बेडरूममध्ये त्याचा मुक्काम नको.

आणि आता ती गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. पिल्लू तळहातावर मावतं तेव्हा तीन ट्रे आणि दोन जास्वंदींमध्ये त्याचं मस्त भागतं. पण जमिनीवरच्या कासवांत गालापागोस आणि अल्डाब्रा यांच्यानंतर मोठं हेच! पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास जाऊ शकतो आणि आयुष्य माणसाइतकं. तुमच्या बाल्कनीचं गणित काही वर्षांतच कोलमडतं. ट्रे दुप्पट करूनही सकाळी मातीच दिसायला लागली, तर समजा की आता त्याला कुंड्या नाही, जमीन हवी. शिवाय ते बिळं खणतं, आणि खणायला टाइल्स चालत नाहीत. वन बीएचकेत हे जमणार कसं, याचा विचार पिल्लू घेण्याआधीच व्हायला हवा.

तोपर्यंत काही लोक वैतागून कासव देवळाच्या तळ्यात सोडून येतात, पुण्य म्हणून. हे कासव पोहत नाही, सरळ बुडतं. रानात सोडणं हाही पर्याय नाही, ते इथलं नाहीच. गावाकडे कुंपण घातलेली जमीन असलेले काका-मामा असतील, तर आत्ताच विचारून ठेवा. ताबा बदलला की त्याचीही नोंद त्याच पोर्टलवर करावी लागते.