रिंग रोड टच... गोंदिया व्हाया नागपूर

शुक्रवारची संध्याकाळ. शेवटचा मेल ‘सेंड’ केलाय, बॉस केव्हाच सटकलाय आणि बॅग सकाळीच भरून आणलीय. पुण्यात असाल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस, मुंबईत असाल तर विदर्भ एक्स्प्रेस. दोन्ही गाड्यांचं शेवटचं स्टेशन एकच, गोंदिया! नागपुरात अर्धा डबा रिकामा होतो आणि पुढचे दोनेक तास निव्वळ आपल्या माणसांचे. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव आणि आत गप्पांचा फड.

पूर्वी या गप्पांत इन्क्रिमेंट असायचं, लग्न असायचं. हल्ली एकच विषय असतो, रस्ता. ‘नागपूरच्या रिंग रोडवर प्लॉट बघतोय रे. रिंग रोड टच!’ असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या माना तिकडे वळतात.

गोंदियाच्या पोराला नागपूरच्या रिंग रोडचं एवढं काय पडलंय? बरंच काही पडलंय.

शहराचा पट्टा

नागपूर म्हणजे झिरो माइलचं शहर. उत्तरेकडून जबलपूरचा रस्ता येतो, दक्षिणेला हैदराबादचा जातो, पश्चिमेला अमरावती, पूर्वेला भंडारा-रायपूर. आता मध्य प्रदेशातून तेलंगणात निघालेल्या ट्रकला नागपुरात काहीच काम नसतं. त्याला फक्त पलीकडे जायचं असतं. त्याला शहराबाहेरून वळवायचं, हे रिंग रोडचं मूळ काम. म्हणून आधी इनर रिंग रोड झाला. पण शहराचं पोट सुटलं आणि पट्टा आवळायला लागला! आज हा इनर रिंग रोड म्हणजे शहरातलाच एक गजबजलेला रस्ता आहे. मग वर्धा रोडवर जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमकडून फेटरीच्या बाजूने वळसा घालणारा आउटर रिंग रोड आला. आणि आता तिसरा. 3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने नागपूरभोवती सुमारे 148 किलोमीटरच्या नव्या बाह्य वळणरस्त्याला मंजुरी दिली. सोबत चार ट्रक आणि बस टर्मिनल. खर्चाचा आकडा 13,748 कोटी रुपये!

एकाच शहराला तीन कडी का लागतात? कारण रिंग रोड ट्रकना बाहेर काढतो आणि शहराला स्वतःकडे ओढून घेतो. लंडनचा 188 किलोमीटरचा एम-25 हा रस्ता 1986 मध्ये पूर्ण झाला आणि बघता बघता ट्रॅफिक जॅमसाठीच प्रसिद्ध झाला. हैदराबादचा 158 किलोमीटरचा आउटर रिंग रोड आठवा. गच्चीबावलीकडचं आयटी हैदराबाद त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलं. काल जे शिवार होतं, ते आज ‘लोकेशन’ झालं.

गोंदियाचा प्लग

आता आपल्या घराकडे वळू. मुंबई ते नागपूर हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला. तोच पुढे भंडाऱ्यामार्गे गोंदियापर्यंत न्यायचा, असं एमएसआरडीसीने ठरवलंय. लांबी साधारण 160 किलोमीटर. आणि हा रस्ता सुरू कुठून होणार? नागपूरच्या आउटर रिंग रोडवरून. म्हणजे गोंदियाची वायर ज्या सॉकेटमध्ये लागणार, ते सॉकेट हा रिंग रोडच!

हे झालं तर शनिवारी पहाटे नागपूरहून निघून नाश्त्याला घरी, हे सहज जमेल. आई खूश. राइस मिलवाल्याचा तांदूळ शहराच्या गर्दीत न अडकता थेट समृद्धीवर चढेल, तोही खूश. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन नागपूर गाठणाऱ्याला तर हा रस्ता उद्या नव्हे, कालच हवा होता.

पण घरी पोचल्यावर बाबा वेगळंच विचारतात. ‘आपली बांधी त्यात जाते का रे?’

पाणी कुठून जाईल?

हा प्रश्न फक्त मोबदल्याचा नाही. मोबदल्याला निदान 2013 चा भूसंपादन कायदा आहे. धानाच्या शेतीचं गणित मात्र पाण्यावर चालतं. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. मधे मातीचा उंच भराव आला आणि त्याखाली पुरेशा मोऱ्या नसल्या, तर एका बाजूला पाणी तुंबतं आणि दुसऱ्या बाजूची रोवणी खोळंबते. ज्याची इंचभरही जमीन गेली नाही, त्याचंही पीक जाऊ शकतं आणि त्याच्या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही.

याच बांध्यांत आणि तलावांच्या काठी सारस राहतो. महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळपास गोंदिया परिसरापुरताच उरलाय. तो घरटंही अनेकदा धानातच करतो. नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ तर जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना रस्ते ओलांडतातच.

मग रस्ता नकोच का? तसं कुणीच म्हणत नाही. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नागपूरकडे डोळे लावूनच मोठा झालाय. पण मोऱ्या किती, अंडरपास कुठे, तलाव वाचतोय का, हे आखणी कागदावर असतानाच विचारायला हवं. डांबर पडल्यावर विचारून काय उपयोग? नकाशा वाचता येणारं घरात कोण आहे? तुम्हीच! एक्सेल शीटमधली चूक पकडता ना? मग या वीकएंडला घरच्यांसोबत बसून आखणीचा नकाशाही उघडा.

प्लॉट घेण्याआधी...

* ‘टच’ या शब्दावर भाळू नका. नियंत्रित प्रवेशाच्या रस्त्यावर फक्त इंटरचेंजवरूनच चढता येतं. त्यामुळे रस्ता किती जवळ आहे यापेक्षा इंटरचेंज किती लांब आहे, ते विचारा.
* गट नंबर घ्या आणि तो संपादनात किंवा आरक्षणात येतो का, हे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे तपासा. ब्रोशरमधला नकाशा हा नकाशा नसतो!
* सातबारा स्वतः काढा. जमीन एनए आहे की ‘होणार आहे’, यात फार फरक असतो.
* 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटला महारेरा नोंदणी लागते. नंबर मागा आणि वेबसाइटवर टाकून बघा.
* प्लॉटसाठी घरची बांधी विकायचा विचार असेल, तर एक पावसाळा थांबा. रोवणीच्या दिवसांत एकदा धुऱ्यावर जाऊन उभे राहा आणि मग ठरवा.