पडद्यावर एक, कागदावर दुसरे

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरांत काठी नावाचे गाव आहे. तेथील राजवाडी होळी दूरवर प्रसिद्ध आहे. समजा, तुम्ही शाळेच्या संगणकावर या होळीविषयी निबंध लिहिला. पडद्यावर तो सुरेख दिसला. मग तो पेनड्राइव्हवर घेऊन तुम्ही छपाईच्या दुकानात गेलात. कागद बाहेर आला, तर मराठीचा पत्ताच नाही! 'काठी' हा शब्द जिथे होता तिथे डी, के, बी, एच अशी चार इंग्रजी अक्षरे! दुकानदार म्हणतो, "फाइल खराब आहे." पण फाइल बहुधा चांगलीच असते.

मग घडले काय? संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या क्रमांकासाठी कोणता आकार काढायचा, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. त्यांनी इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक घेतले आणि त्यांवर देवनागरी आकार बसवले. कृतिदेवमध्ये लहान 'डी'च्या जागी 'क', 'के'च्या जागी काना, मोठ्या 'बी'च्या जागी 'ठ' आणि लहान 'एच'च्या जागी दुसरी वेलांटी येते. दुकानातील संगणकात तो फॉन्ट नसला की वरचा मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरे उघडी पडतात.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात 'क'चा क्रमांक २३२५ आहे. तो काठीत, मुंबईत किंवा लंडनमध्ये तोच असतो. फॉन्ट बदलला तर 'क'चे वळण बदलेल, पण 'क'चा 'डी' होणार नाही.

तरीही सगळ्या अडचणी संपत नाहीत. 'सातपुड्याच्या दऱ्या' हे शब्द पाहा. 'दऱ्या'मधील अर्धा 'र' लिहिताना काही वेळा एक अदृश्य जोडचिन्ह वापरले जाते. एखाद्या सॉफ्टवेअरने ते गाळले, की 'दऱ्या'चे 'दर्या' होते. मराठीत दर्या म्हणजे समुद्र! डोंगरातल्या खोल दरीत समुद्र आला, आणि तोही एका न दिसणाऱ्या चिन्हामुळे.

उर्दू मजकुराची गंमत आणखी वेगळी आहे. आपल्याला नस्तालीक वळण आवडते. त्यात शब्द तिरपे उतरत येतात, म्हणून ओळीला जास्त उंची लागते. छापणाऱ्या संगणकात नस्तालीक फॉन्ट नसेल, तर तोच मजकूर बहुधा नस्ख वळणात छापला जातो. हे वळण कुरआन शरीफच्या छपाईमुळे आपल्या ओळखीचे आहे. शब्द बरोबर असतात, पण ओळी दाट होतात आणि चार पानांचा मजकूर तीन पानांत मावतो. पूर्वी कातिब हाताने लिहीत आणि शिळाछापावर तेच लेखन कागदावर उमटे. तेथे फॉन्ट हरवण्याची भीती नव्हती!

कधी दोष कागदाच्या मापाचा असतो. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. अमेरिकेत चालणारा लेटर कागद २१६ मिलिमीटर रुंद पण २७९ मिलिमीटरच लांब असतो. फाइलमध्ये एक माप आणि प्रिंटरमध्ये दुसरे असेल, तर तळाच्या ओळी कापल्या जातात किंवा सगळा मजकूर आकसतो.

निबंध पुन्हा छापता येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मात्र 'शेख' किंवा 'वसावे' या आडनावाचे भलतेच काही झाले, तर ते सुधारून घेण्यासाठी खेपा घालाव्या लागतात. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी फाइलची पीडीएफ करावी. हा प्रकार १९९३ साली आला. पीडीएफमध्ये मजकुराबरोबर फॉन्टचे आकारही बांधून पाठवता येतात. ती घरच्या मोबाइलवर उघडून पाहावी. तेथेच अक्षरे बिघडलेली दिसली, तर दोष फाइलमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. तेथे ठीक आणि कागदावर चूक असेल, तर दोष छापणाऱ्या यंत्राकडे शोधावा. अशा वेळी दुकानदाराला पीडीएफ चित्र म्हणून छापायला सांगावे. काही सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. छपाईला थोडा जास्त वेळ लागतो, पण पडद्यावरची 'काठी' कागदावरही 'काठी'च उतरते.