आयोवाची तालीम

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या कार्व्हर-हॉकआय अरीनात शिरल्यावर पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. टेकडीच्या पोटात खोदून बसवलेली वास्तू. दार वर आणि मॅट पार तळाला. पंधरा हजारांच्या घरात माणसं मावतात. जानेवारीतल्या रात्री बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि आत आयोवाचे शेतकरी, शाळामास्तर, नातवंडांना मांडीवर घेतलेले आजी-आजोबा दोन-दोन तास कॉलेजच्या पोरांची कुस्ती बघत बसलेले. जत्रेतले फड बघत वाढलेल्या माणसाला इथं परकं वाटत नाही. हलगी तेवढी नाही, आणि काही पैलवान कान वाचवायला टणक वाट्या बांधून उतरतात.

फरक कळतो तो कुस्ती लागल्यावर. आपल्याकडे पाठ लागली की संपलं. इथंही चितपट आहेच, पण ती झाली नाही तर सात मिनिटं झुंजायचं: आधी तीन, मग दोन, मग दोन. शिवाय कब्जा घेऊन नुसतं वर टिकून राहण्यालाही इथं मोल आहे. कोण किती वेळ वर होता याचं वेगळं घड्याळ चालतं आणि दोघांच्या वेळेतली तफावत मिनिटभर झाली की शेवटी एक गुण पदरात पडतो. एकदा पुढची जागा मिळाली तेव्हा मी एका पूर्ण फेरीत फक्त हात आणि कंबरा बघितल्या. वरच्यानं खालच्याचं मनगट पकडून त्याच्याच पोटाखाली दाबून धरलेलं. खालचा उठायला म्हणून ज्या बाजूचा पाय रोवतो, त्याच बाजूला वरच्याची कंबर सरकते आणि सगळा भार तिथं पडतो. पुन्हा पाय, पुन्हा भार. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं नुसते लोळतायत. पण तिसऱ्या फेरीला तोच खालचा उभा राहिला तेव्हा त्याचे हात खांद्यापासून लोंबत होते आणि एकेरी पट आला तेव्हा ते खाली यायला अर्धा क्षण उशीर झाला. डाव तेव्हा लागला, पण कुस्ती आधीच मारली गेली होती.

दमवून मारण्याची ही कुस्ती ज्याच्या नावानं ओळखली जाते, त्या डॅन गेबलचा पुतळा अरीनाबाहेर उभा आहे. 1976 मध्ये तो आयोवा विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि 1997 ला उतरला. 21 हंगामांत 15 राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं, त्यातली 1978 ते 1986 ही ओळीनं नऊ. बिग टेन या त्यांच्या गटाचं विजेतेपद तर 21 पैकी 21 वेळा. संघाविरुद्ध संघ अशा लढतींत 355 विजय, 21 पराभव, 5 बरोबऱ्या.

पैलवान म्हणूनही तो थोर होता. पण ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात उरकतो. वॉटर्लू गावच्या शाळेत 64 कुस्त्या, एकही हार नाही. आयोवा स्टेट विद्यापीठात एकच हार, तीही 1970 च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत, लॅरी ओविंग्जकडून 13-11 अशी. दोन वर्षांनी म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता सुवर्ण.

मला कुतूहल आहे ते पुढच्याचं. मोठ्या पैलवानाचा मोठा वस्ताद होतोच असं नाही, हे आपण आपल्या तालमींतही बघतो. त्यात कॉलेजच्या प्रशिक्षकाची अडचण वेगळीच. आपल्याकडे वस्तादाच्या हाती दहा-बारा वर्षांचं पोर येतं आणि लग्न होईपर्यंत तालीम सोडत नाही. इथं पोरगा अठराव्या वर्षी येतो, चार हंगाम लढतो आणि जातो. घडला रे घडला की गेलाच. वजनगट दहा, आणि पूर्ण शिष्यवृत्त्या अगदी परवापरवापर्यंत 9.9, म्हणजे त्याही तुकडे करून वाटायच्या. दरवर्षी संघाचा एक कोपरा ढासळणार हे ठरलेलं असताना ओळीनं नऊ वर्षं जिंकायचं कसं?

याचं उत्तर सामन्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर मिळत नाही. ते सरावाच्या खोलीत आहे असं माझं मत, आणि ते पक्कं झालं इथल्याच एका छोट्या कॉलेजचा सराव बघताना. भिंतींनाही गाद्या, हवा कोंदट, काचेवर घाम साचून ओघळ आलेले. प्रशिक्षक बोलत फार कमी होता. हातात घड्याळ, खांद्यावर रक्त पुसायचं फडकं, आणि नजर सतत एकाच कामात: कुणाला कुणाची जोड द्यायची. मधेच त्यानं संघातल्या सर्वांत भारी पोराला मध्यभागी उभं केलं आणि दर मिनिटाला एक ताजा गडी त्याच्या अंगावर सोडला. चौथ्या गड्याला त्या भारी पोराची पाठ लागता लागता राहिली. आपले वस्तादही मोठ्या पैलवानाला असेच एकामागून एक गडी देतात. पण त्या चौथ्या गड्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला सामन्यात कुणी उतरवणार नव्हतं, तरी आज त्यानं कुणाला तरी घाम फोडला होता.

गेबलनं नेमकं हेच वीस वर्षं केलं. तरुण होता तोवर स्वतः पोरांशी झटायचा. गुडघे आणि कंबर खिळखिळी होईपर्यंत. नंतर खोलीच इतकी जड केली की बाहेरचा सामना हलका वाटावा. वरच्या वर्गातले खालच्यांना रोज कुटायचे, आणि वरचे निघून गेले की कुटून निघालेले तयारच असायचे. टॉम आणि टेरी ब्रँड्स हे जुळे भाऊ याच खोलीतले. टॉमनं 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं आणि आज आयोवाचा प्रशिक्षक तोच आहे. गेबलचा सहायक जे रॉबिन्सन यानं मिनेसोटाला आणि गेबलचाच पैलवान टॉम रायन यानं ओहायो स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

कॉलेज आणि कुस्ती हे नातं आपल्याला अनोळखी नाही. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1952 ला कांस्य मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ती एका माणसाची दानत होती. कॉलेजात तालीम मात्र त्यानंतरही उभी राहिली नाही, आणि ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो तेव्हा तेवढा भाग गाळतो.

गेबलच्या खोलीतल्या जडपणाला एक काळी बाजूही आहे. रबरी कपडे घालून, पाणी तोडून वजन उतरवणं हे त्या काळी अमेरिकी कुस्तीत शौर्याचंच लक्षण मानलं जाई. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन विद्यार्थी वजन उतरवताना दगावले. यातलं कुणी आयोवाचं नव्हतं आणि गेबल तेव्हा पद सोडून बसला होता. पण ‘जितका त्रास तितका पैलवान’ हा समज ज्यांच्या यशानं पसरला त्यांत तो अग्रणी होता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवं. मग रबरी कपड्यांवर बंदी आली आणि वजन लढतीच्या तोंडावर घेण्याचा नियम झाला.

गेबलचा शेवटचा हंगाम संपला तो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. जानेवारीत कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेली, राष्ट्रीय स्पर्धेला आला तो कुबड्या घेऊन. स्पर्धा घरापासून जवळ, सीडर फॉल्सला. पारडं ओक्लाहोमा स्टेटचं जड मानलं जात होतं. आयोवानं पाच वैयक्तिक विजेते आणि विक्रमी 170 गुण घेतले. त्या पाचांत 118 पौंडांचा, म्हणजे साडेत्रेपन्न किलोंचा जेसी व्हिटमर होता. त्याच्या वजनाची जागा आधीची वर्षं दुसऱ्याकडे होती; त्याच्या वाट्याला सराव तेवढा आला. शेवटच्या वर्षी जागा मोकळी झाली आणि एकाच हंगामात तो राष्ट्रीय विजेता झाला.

170 गुणांचा तो विक्रम 27 वर्षं टिकला. 2024 मध्ये केल सँडरसन प्रशिक्षक असलेल्या पेन स्टेट विद्यापीठानं 172.5 गुण घेतले. सँडरसन कॉलेजात 159 कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही, तोही आयोवा स्टेटमध्येच, जिथं गेबल घडला. इथल्या म्हाताऱ्यांपुढे सँडरसनचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करतात, आणि मग हळूच विचारतात, यंदा त्याच्या खोलीत कोण कोण आहे?